बंद झालेल्या पानांवरची कोडी

मंडळी, नमस्कार. मागच्या महिन्याच्या बैठकीत काकूंनी मला विचारलं, "अगं, तू दर शनिवारी टॉर्च नि बूट घेऊन कुठे जातेस? डबे शोधायला जातेस म्हणे. त्यावर बोल की एकदा." त्यांच्या आग्रहामुळे मी आज इथे उभी आहे. या खेळाचं नाव जिओकॅशिंग: कोणीतरी डबा लपवून जागेचे आकडे संकेतस्थळावर टाकतं आणि बाकीचे जीपीएसने तो शोधतात. डब्याला म्हणायचं कॅश, आणि प्रत्येक कॅशचं संकेतस्थळावर एक पान असतं. सगळंच सांगायला बसले तर रात्र होईल, म्हणून एकच कोपरा घेते. जी कॅश आता जागेवर नाही, जिचं पान बंद झालंय, त्या पानाचा नव्या कोड्यात धागा म्हणून उपयोग कसा करायचा, एवढंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात अमेरिकी सैन्य मुद्दाम गडबड मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक यायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती गडबड बंद करायचा आदेश दिला आणि एका रात्रीत अचूकता जवळजवळ दहापट वाढली. ३ मेला, इथून गाडीने तासाभराच्या आत असलेल्या, ओरेगॉनमधल्याच बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. हीच पहिली कॅश. आत पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली, त्यातले पहिले माइक टीग. त्याच मे महिन्यात 'जिओकॅशिंग' हा शब्द आला, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी ७५ कॅशची यादी घेऊन संकेतस्थळ सुरू केलं.

पुढे गवत कापायच्या यंत्राखाली ती बादली गेली. वाचला तो फक्त दाण्यांचा डबा. पण बादलीचं पान अजून उघडतं. त्याचा कोड 'जीसीएफ'. कॅश गेली, पान राहिलं. आमच्या भाषेत अशी कॅश 'आर्काइव्ह झाली'. हा शब्द मी तसाच वापरणार आहे, कारण आम्ही सगळे तसंच म्हणतो.

आर्काइव्ह व्हायला कारणं साधीच असतात. झाड पडलं, पुरात डबा वाहून गेला, जमीनमालक नको म्हणाला, डब्याचा मालक दुसऱ्या गावी राहायला गेला. त्यानंतर ते पान नकाशावर दिसत नाही, शोधातही येत नाही. पण कोड माहीत असला तर ते आजही उघडतं. वर्णन, लपवल्याची तारीख, काठिण्य, आकार, इशारा, आणि खाली ओळीने लॉग: कोण कधी आलं, पाऊस होता का, कुत्रं बरोबर होतं का, डब्यात काय ठेवलं. काही पानांवर दहा-दहा वर्षांचे लॉग असतात. एका जागेचा असा रोजचा, साधा इतिहास मला तरी दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेला नाही. म्हणूनच या पानांना पुन्हा वाचक मिळावेत असं मला मनापासून वाटतं, आणि कोडं हा त्यासाठीचा सगळ्यात चांगला रस्ता आहे.

आता कोड्याची कॅश म्हणजे काय, तर पानावर दिलेल्या जागी डबा नसतो. कोडं सोडवलं की खरी जागा कळते. नियमाप्रमाणे दिलेली जागा आणि खरी जागा यांच्यात ३.२ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असू नये, आणि डबा दुसऱ्या कुठल्याही डब्यापासून निदान १६१ मीटर लांब हवा. शिवाय सोडवायला लागणारी माहिती कोणालाही मिळण्यासारखी हवी. इथेच आर्काइव्ह झालेल्या पानांची पहिली अडचण येते. ती शोधून सापडतच नाहीत, मग सोडवणाऱ्याला तिथपर्यंत न्यायचं कसं?

कोड सरळ लिहून देता येतो. पण मला आवडते ती वेगळी रीत, ती जरा कागद घेऊन करून बघू. प्रत्येक कॅशला मुळात एक अनुक्रमांक असतो, आणि 'जीसी' नंतरची अक्षरं म्हणजे तोच अनुक्रमांक वेगळ्या मोजणीत लिहिलेला. सुरुवातीला ही मोजणी सोळाच्या पायाची होती: शून्य ते नऊ, मग दहा ते पंधरासाठी ए ते एफ. 'एफ' म्हणजे १५, म्हणून त्या बादलीचा अनुक्रमांक पंधरा. कॅन्ससमधली मिंगो नावाची कॅश, आज चालू असलेल्यांत सगळ्यात जुनी, तिचा कोड जीसी ३०, म्हणजे आपल्या मोजणीत ४८. हे चार जागांत ६५,५३५ पर्यंत पुरलं. मग ३१ चा पाया घेतला: दहा अंक आणि एकवीस अक्षरं. आय, एल, ओ, एस, यू ही पाच अक्षरं वगळली, कारण ती एक, शून्य, पाच यांसारखी दिसतात किंवा घोटाळा करतात.

समजा मी कोड्यात फक्त ९०,५४४ हा आकडा दिला. सोडवणाऱ्याने त्यात ४,११,१२० मिळवायचे. ही बेरीज जुन्या मोजणीचा सांधा नव्या मोजणीला जुळवण्यासाठी आहे. झाले ५,०१,६६४. आता ३१ ने भागत जायचं आणि बाकी टिपायची. पहिली बाकी २२, ते 'पी'. मग शून्य. मग २६, ते 'व्ही'. शेवटी उरतात १६, ते 'जी'. उलटं वाचलं की कोड होतो जीसी-जी-व्ही-शून्य-पी. उघडून बघा: त्या पहिल्या बादलीच्या जागी नंतर बसवलेल्या स्मृतिफलकाची कॅश. ही चालू आहे, आर्काइव्ह नाही, पण रीत तीच. एका साध्या आकड्यातून माणूस एका ठरावीक पानाच्या दारात जाऊन उभा राहतो. मी पहिल्यांदा हे हाताने केलं तेव्हा शेवटचं अक्षर पडल्यावर खुर्चीतून उठलेच होते.

पानापर्यंत माणूस आला. आता तिथून घ्यायचं काय? बहुतेक जण आकडे घेतात: लपवल्याची तारीख, काठिण्याचे तारे. सोपं असतं, पण सोडवणारा पानावर दहा सेकंदही थांबत नाही. मी माझ्या पहिल्या कोड्यात तेच केलं होतं, आणि त्यात एक मोठी चूक केली. एका आर्काइव्ह पानावर 'सापडली' अशा किती नोंदी आहेत त्याचा शेवटचा अंक घेतला. मला वाटलं, पान बंद आहे, आता संख्या काय बदलणार? पण आर्काइव्ह झालेल्या पानावरही नोंद करता येते. कोणीतरी जुन्या वहीतून आपली राहून गेलेली नोंद नंतर टाकली. संख्या एकने वाढली. तो अंक मी उत्तरेच्या मिनिटांत दशांशचिन्हानंतर लगेच वापरला होता, आणि तिथे एकाचा फरक म्हणजे जमिनीवर १८५ मीटर. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन भर पावसात हिमालयन ब्लॅकबेरीच्या काट्यांत तासभर शोधत राहिले. इथल्या टेकड्यांवर ती झुडपं किती माजलीत ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मला अगदी सभ्य शब्दांत कळवलं. मी त्याच संध्याकाळी कोडं बंद केलं आणि दुरुस्त करूनच पुन्हा उघडलं. उत्तर बरोबर की चूक ते घरबसल्या सांगणारा चेकर तेव्हा मी लावला नव्हता. तेव्हापासून चेकरशिवाय एकही कोडं दिलेलं नाही.

गोठलेली संख्याच हवी असेल तर कुलूप लावलेली पानं बघावीत. पूर्वी 'जागा नसलेल्या' कॅश असायच्या, म्हणजे डबा नाही, ठरावीक जागाही नाही. पिवळी जीप कुठेही दिसली की फोटो काढून नोंदवायची, असला प्रकार. २००६ च्या सुरुवातीला त्या सगळ्या बंद करून कुलूपबंद केल्या. त्यांवर नवी नोंद पडत नाही.

पण माझं मन आकड्यांत फार रमत नाही. मला लॉग वाचायला लावायचे असतात. माझं सध्याचं कोडं आमच्या घराजवळच्या टेकडीवरच्या पाच आर्काइव्ह पानांवर उभं आहे. त्यातलं एक पान सांगते. एका जुन्या मेपलच्या मुळांत ठेवलेला डबा, अकरा वर्षं टिकलेला. इशारा नेहमीप्रमाणे तेरा अक्षरं पुढे सरकवून लिहिलेला. तो उलगडला की निघतं, 'पायवाटेकडून तिसरं मूळ'. त्यावर माझा प्रश्न असा: झाकणाचा रंग बदलला तो महिना कोणता? हे वर्णनात नाही. मालकाच्या एका देखभालीच्या नोंदीत आहे, की खारीने झाकण कुरतडलं म्हणून नवं लावलं, आधीचं हिरवं होतं, हे निळं आहे. ती नोंद सापडायला आधीच्या दीडेकशे नोंदी डोळ्यांखालून घालाव्या लागतात. त्यात एक आजी आहेत. दर वर्षी पहिल्या पावसानंतर डबा कोरडा आहे ना ते बघून जायच्या आणि फक्त 'कोरडा आहे' असं लिहायच्या. सात वर्षं. आठव्या वर्षी तेच दोन शब्द, पण वेगळ्या माणसाच्या नावाने. त्याने पुढे काही लिहिलेलं नाही. मी ते पान कितीदा उघडलं असेल, दर वेळी त्या नोंदीशी थांबते.

लॉगही पुसता येतो, म्हणून उत्तर दोन ठिकाणी सापडेल असा प्रश्न निवडते. झाकणाचं घ्या: मालकाची नोंद गेली तरी पुढच्याच आठवड्यात आलेल्या कोणीतरी 'नवं निळं झाकण छान बसतं' असं लिहिलेलं आहे. प्रश्न काढायला मला तीन आठवडे लागले, डबा लपवायला पंधरा मिनिटं.

एक गोष्ट मात्र फार काळजीने करायची. आर्काइव्ह होण्याचं कारण वाचल्याशिवाय पान वापरायचं नाही. जमीनमालकाच्या तक्रारीवरून बंद झालेली कॅश असेल, किंवा पक्ष्यांच्या घरट्यांमुळे ती पायवाट बंद केली असेल, तर ते पान कितीही सुंदर असलं तरी मी सोडून देते. आकडे दिसले की काही माणसं तिथे जातातच. माझ्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे, 'जुन्या जागी जायची गरज नाही, तिथे काही नाही.' आणि जुना मालक अजून संकेतस्थळावर येत असेल तर त्याला आधी विचारते. नियम तसं सांगत नाही, पण कोणाच्या अंगणातली फुलं तोडण्याआधी आपण हाक मारतोच ना. मेपलच्या मालकाने उलट मला त्या झाडाचा फोटो पाठवला, कापायच्या आदल्या दिवशीचा.

भारतात काय, असं मघाशी कोणीतरी विचारलं. आपल्याकडे कॅश विरळ आहेत. डबा ठेवणाऱ्याने त्याची देखभालही करायची असते, त्यामुळे सुट्टीत पुण्याला जाऊन टेकडीवर डबा ठेवून परत आलं, असं चालत नाही. तिथे राहणारं माणूस हवं. तुमच्या भाच्या-पुतण्यांपैकी कोणाला आवड असेल तर मला सांगा, मी सुरुवातीपासून शिकवीन.

शेवटी माझ्या त्या पाच पानांच्या कोड्याबद्दल. टेकडीवर जिथे माझा डबा आहे तिथे पुढच्या महिन्यात पाण्याच्या नळाचं काम सुरू होतंय, पायवाट खोदणार आहेत. त्यामुळे ही कॅशही आता आर्काइव्ह होणार. परवा सकाळी जाऊन मी डबा काढून आणला, पुसला, आतली वही वाळत घातली आहे. शेवटची नोंद काल रात्री लिहून ठेवली. त्यात खोदकामाचं कारण आहे, डबा मी स्वतः काढून आणला हे आहे, तारीख आहे, आणि खाली त्या पाच पानांचे कोड एकाखाली एक लिहिले आहेत. झाकण कुठल्या रंगाचं होतं तेही लिहिलंय. पिवळं.