हेल्प ऐकूनही कळायला हवी

नमस्कार मंडळी. आता मी म्हटलं की "हे बघा, उजवीकडचं हिरवं बटण दाबा", तर रेडिओ ऐकताना तुम्हाला ते कसं सापडणार? वेब ॲपमधली हेल्प मात्र बऱ्याचदा अशीच लिहिलेली असते, आणि अंध माणूस नेमका इथेच अडकतो.

तो कॉम्प्युटर वापरतो स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए आहे, तो फुकट मिळतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ पासून आहे. साधनं आहेत हो, ॲप बनवणारे आपण कमी पडतो.

प्रश्नचिन्हाच्या आयकॉनला कोडमध्ये नावच दिलेलं नसतं, मग स्क्रीन रीडर नुसतं "बटण" म्हणतो. कसलं बटण, देव जाणे. पासवर्ड किती अक्षरी हवा ते चौकटीखाली लिहिलेलं असतं, पण चौकटीशी जोडलेलं नसतं, त्यामुळे टॅब दाबत आलेल्या माणसाला ते ऐकूच येत नाही. कोडमध्ये एरिया-डिस्क्राइब्डबाय वापरून ते जोडता येतं, एका ओळीचं काम आहे.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते हेल्पच्या पॉपअपचं. बटण दाबलं, पॉपअप उघडला, पण फोकस, म्हणजे कीबोर्ड या क्षणी जिथे काम करतोय ती जागा, मागच्या पानावरच राहिला, त्यामुळे काही उघडलंय हेच कळत नाही, माणूस परत दाबतो, परत शांतता, आणि शेवटी वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तर फोकस पॉपअपमध्ये जायला हवा, एस्केप दाबल्यावर तो बंद व्हावा आणि फोकस परत त्याच बटणावर यावा, नाहीतर अर्धा भरलेला फॉर्म शोधत पहिल्यापासून टॅब मारत बसा.

आता लिहिण्याचं. बटणाचं नाव घ्या, "फॉर्मच्या शेवटी असलेलं सेव्ह करा हे बटण", आणि बटणावर जे नाव आहे तेच हेल्पमध्येही हवं. नुसत्या रंगावर, आकारावर, जागेवर सूचना अवलंबून नको, हा नियम डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, म्हणजे वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, २००८ पासूनच आहे. २०२३ च्या २.२ मध्ये अजून एक आलं, की अनेक पानांवर हेल्प दिली असेल तर ती प्रत्येक पानावर त्याच क्रमाने यावी. स्क्रीनशॉट ठेवा हो, पण त्यातल्या पायऱ्या मजकुरातही लिहा. हेडिंगही खरंखुरं द्या, नुसतं ठळक केलेलं नको, कारण एनव्हीडीएमध्ये एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारता येते, लांबलचक हेल्पमध्ये हवं ते शोधायला तोच मोठा आधार.

तुम्ही असं काही बनवत असाल तर आज माऊस बाजूला ठेवा, स्क्रीन रीडर चालू करा, मॉनिटर बंद करा आणि आपलीच हेल्प उघडून बघा. आणि मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या अंध व्यक्तीला ती तपासायला द्या, त्या कामाचे रीतसर पैसे देऊन.