फोन उचलला की नेट का तुटतं?

बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं आणि मोडेमसोबत स्प्लिटरची छोटी डबी घरोघरी पोचली. फोनमधली खरखर घालवायला ती लावतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ते तिचं निम्मंच काम. डेटाला फोनपासून वाचवणं हे उरलेलं निम्मं, आणि तक्रारी तिथूनच जास्त येतात.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारांच्या एका जोडीवर काय काय चाललेलं असतं ते आधी पाहू. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट डीसी. रिंग वाजताना साधारण ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झ. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये. मग थोडी मोकळी जागा, आणि २५ किलोहर्ट्झच्या पुढे एडीएसएल, म्हणजे ब्रॉडबँडचा डेटा: १३८ पर्यंत अपलोड, तिथून ११०४ पर्यंत डाउनलोड, एडीएसएल २ प्लसमध्ये २२०८ पर्यंत. त्या मोकळ्या जागेत स्प्लिटरमधल्या फिल्टरनं रेघ मारायची असते.

समजा १० मिलिहेन्रीची कॉइल लाइनच्या मार्गात आणि ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर फोनला समांतर आहे. १ किलोहर्ट्झला ही कॉइल जेमतेम ६३ ओहमचा अडथळा करते, म्हणून आवाज सहज जातो. १०० किलोहर्ट्झला तीच ६,३०० ओहमची भिंत होते, आणि त्यातूनही जे झिरपेल ते कपॅसिटर ४८ ओहमच्या वाटेनं परतवतो. दोघांची सीमा पडते ८.८ किलोहर्ट्झच्या आसपास. यात वीज लागणारा एकही भाग नाही, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. चांगल्या फिल्टरमध्ये कॉइल दोन्ही तारांत सारखी विभागलेली असते. एकाच तारेत ठेवली तर जोडीचा तोल बिघडतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो.

आता स्वस्त डबी फसते कुठे? रिसीव्हर उचलला की कॉइलमधून २० ते ४० मिलिअँपिअर डीसी वाहतो. कॉइलचा चुंबकीय गाभा लहान असेल तर तो तेवढ्यानंच संतृप्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि इंडक्टन्स, म्हणजे कॉइलची डेटा अडवण्याची ताकद, कोसळतो. म्हणजे फोन ठेवलेला असताना मोजलं तर फिल्टर उत्तम, आणि खरी गरज असताना तो नसल्यासारखाच. म्हणून तपासणी नेहमी फोन उचलून करायची.

जोडणीच्या चुका ओळखायला सोप्या आहेत. मोडेम ‘फोन’ खाचेत गेला तर डीएसएलचा दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही. ‘लाइन’ आणि ‘फोन’ची अदलाबदल झाली तर तो कपॅसिटर थेट लाइनवर येतो आणि डेटाच गिळतो, फोन मात्र चालतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. पण सगळ्यात जास्त त्रास देतो तो आतल्या खोलीतला पॅरलल फोन, स्प्लिटरच्या आधीच रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीतून, काढलेला. फॅक्स, कॉलर आयडीची डबी यांचंही तेच. उपाय एकच: ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून येणारी तार, घरात शिरते तिथेच स्प्लिटर बसवायचा आणि सगळे फोन त्याच्या मागे घ्यायचे. प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावायचा असेल तर तीन-चारच्या पुढे जाऊ नये, कारण कपॅसिटर समांतर जमत जातात आणि आवाज दबतो.

वापरात नसलेली, टोक उघडं सोडलेली वायरही कापून टाकावी. ५० मीटरची अशी शेपटी साधारण १ मेगाहर्ट्झला डाउनलोडमध्ये खड्डा पाडते.

दोष कुठे आहे हे ठरवायला घरातली सगळी वायरिंग सोडवा, मोडेम थेट येणाऱ्या जोडीला लावा आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंग्जच्या पानावरचा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरते तो आकडा, पाहा. ६ डेसिबलच्या खाली असेल तर कनेक्शन सारखं तुटणार. १० च्या वर जाऊन टिकलं तर दोष घरात आहे.

एक लक्षण मात्र उलटं असतं: फोन ठेवला की नेट तुटतं, उचलला की सुधारतं. इथे फिल्टर बदलून काही होत नाही. बाहेर कुठेतरी सांधा गंजलेला असतो. बोलण्याचा डीसी त्या गंजातून तात्पुरती वाट काढतो आणि फोन ठेवताच ती बंद होते. लाइनमनला ‘आवाज येतो, पण सांधा तपासा’ असं नेमकं सांगावं, नाहीतर तो डायल टोन ऐकून ‘लाइन ओके’ लिहून परत जातो.