कण्यातल्या रक्ताळ गाठी

श्रोतेहो, नमस्कार. कण्यात गाठ आहे म्हटलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण मणक्यातला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, साधारण दहातल्या एकाला असते. बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. त्रास नसेल तर तिला हात लावायचा नाही. पुन्हा सांगतो, त्रास नसेल तर हात लावायचा नाही.

त्रास देणारी गाठ मात्र वेगळी. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. 'आधी तुकडा काढून तपासा,' असा सल्ला त्यांना मिळाला होता. आम्ही एमआरआय लावला. मज्जारज्जूत चमकणारी गाठ आणि मागे काळ्या वळवळत्या रेघा. वेगानं वाहणारं रक्त एमआरआयमध्ये असं काळं दिसतं. रिपोर्टच्या कागदावर या रेघांचा उल्लेखच नव्हता! म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, नुसता कागद आणू नका, सीडी आणा.

तुकडा काढला असता तर रक्त आवरणं मुश्कील झालं असतं. मग अँजिओग्राफी केली. एरवी ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नळीतून बुजवतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. पण इथं त्याच फांदीतून अ‍ॅडमकीविच धमनी निघत होती, मज्जारज्जूच्या खालच्या भागाची मुख्य धमनी. ती बुजली तर पायच जायचे. म्हणून थेट ऑपरेशन.

मायक्रोस्कोपखाली नारिंगी-लाल गाठ दिसली. अशी गाठ कापत नाहीत, अख्खी सोडवतात. धमन्या आधी, गाठीतलं रक्त बाहेर नेणारी शीर शेवटी. लक्षात ठेवा, शीर शेवटी. ती आधी बंद केली तर रक्त आत कोंडतं आणि गाठ फुगून फुटते. एकेक धमनी बंद होत गेली, तशी लालभडक शीर आमच्यासमोर निळी पडली. तेव्हा कुठे तिला हात लावला. बाईंच्या पायांत हळूहळू ताकद आली.

मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर मणक्यात पसरला, तर त्या गाठीही रक्ताळ असतात. तिथं एम्बोलायझेशन फार उपयोगी पडतं.

बाईंची गाठ हिमँजिओब्लास्टोमा निघाली, म्हणजे मज्जारज्जूतली रक्तवाहिन्यांची गाठ; सुरुवातीला सांगितलेल्या मणक्यातल्या हिमँजिओमाहून वेगळी. ती कधीकधी व्हीएचएल, म्हणजे फॉन हिपेल-लिंडाऊ, या आनुवंशिक आजारातून येते. त्याचं जनुक 1993 साली सापडलं. अशा घरात सगळ्यांचे डोळे, मूत्रपिंडं, मेंदू तपासावे लागतात. बाईंच्या मुलाला काहीच तक्रार नव्हती, तरी डोळ्याच्या पडद्यावर तशीच बारीक गाठ सापडली. लेझरनं ती वेळेत जाळता आली.