तीन चाकांचा तोल कोण तपासतो?

[दृश्य: मोकळं पार्किंग, नारिंगी शंकू, संथ गतीत उजवीकडे वळणारी तीनचाकी]

पुढचं उजवं चाक बघा. गाडी उजवीकडे वळते आहे, म्हणजे हे आतल्या बाजूचं चाक. टायर आणि डांबर यांच्यामध्ये फट पडली आहे, साधारण दोन बोटांची. आता पलीकडचं, डावं चाक. त्याची ब्रेक डिस्क पकडली गेली, सुटली, पुन्हा पकडली गेली. चालकाचा पाय पेडलवर नाही, तो फूटपेगवर आहे. लगेच उजवं चाक जमिनीवर टेकतं आणि गाडी सरळ होते. हा ब्रेक माणसाने लावलेला नाही.

ही कॅन-ॲम स्पायडर. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे, तिथल्या बीआरपी कंपनीची. बर्फावर धावणाऱ्या स्की-डू याच कंपनीच्या. फेब्रुवारी 2007 मध्ये स्पायडर पहिल्यांदा लोकांसमोर आली. पुढे दोन चाकं, मागे एक. बसायला मोटरसायकलचं सीट, हातात मोटरसायकलचं हँडल, पण हँडलवर ब्रेकचा लिव्हर नाही. पायाखालचं एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. आणि पहिल्या मॉडेलपासून तिच्या पोटात बॉश कंपनीची स्थिरता यंत्रणा आहे. तोल सुटतोय असं वाटलं की ती इंजिनची ताकद कमी करते आणि लागेल त्या चाकाला स्वतः ब्रेक लावते.

[दृश्य: हेल्मेट काढणारे चालक, पिकलेले केस, हसरे चेहरे]

दुचाकी पेलणं जमेनासं झालेले, गुडघ्यांनी साथ सोडलेले, पण रस्त्यावरचा वारा सोडवत नाही असे कितीतरी जण या गाडीकडे वळले. जोडीदाराला मागे बसवून ते शेकडो किलोमीटर जातात. या यंत्रणेवर त्यांचा विश्वास आहे. तो कशावर उभा आहे, हे बघण्यासाठी आम्ही कॅमेरा खाली, चाकांपाशी नेला.

[दृश्य: डांबरावर खडूने काढलेला त्रिकोण]

पुढे दोन ठिपके, मागे एक. ठिपके जोडले की त्रिकोण. गाडीच्या वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या आत कुठेतरी पडतो. वळताना तो बाहेर ढकलला जातो, आणि त्रिकोणाच्या कडेपलीकडे गेला की गाडी उलटते. तिपाई कधी डुगडुगत नाही, पण दोन पायांमधल्या कडेवर भार टाकला की चटकन कलंडते. इथेही तेच.

आकडे घेऊन बघू. पुढच्या दोन चाकांमध्ये 130 सेंटीमीटर अंतर धरा. चार चाकांची गाडी असती तर मध्यरेषेपासून कडेपर्यंत दोन्ही बाजूंना 65 सेंटीमीटर मिळाले असते. तीन चाकांत, वजनाचा मध्य पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधोमध असेल, तर तिथे त्रिकोण निम्माच रुंद असतो. 65 च्या जागी साडेबत्तीस. म्हणून अशी गाडी आखणारे इंजिन आणि इतर वजन होईल तितकं पुढे, रुंद बाजूकडे नेतात.

[दृश्य: तीच गाडी, आता मागे एक बाई बसते, मागच्या पेटीत सामान]

आता बघा काय होतं. मागे माणूस बसला, पेटीत सामान भरलं. वजनाचा मध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकला. वरही गेला. खडूची रेघ तीच, पण मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर कमी झालं. यंत्रणेला चाकांचा वेग कळतो, हँडलचा कोन कळतो, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि तिच्यावर आडवा जोर किती येतो आहे तेही कळतं. वजनकाटा मात्र यात कुठेच नाही. मागे कोण बसलं आहे आणि किती उंच बसलं आहे, याचा तिला फक्त अंदाज बांधावा लागतो, आणि तोही गाडी वळायला लागल्यावर.

[दृश्य: जुनी मोटारगाडी, शंकूंमधून झटक्यात डावी-उजवीकडे]

ही यंत्रणा जन्माला आली ती चार चाकांसाठी. 1995 मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती पहिल्यांदा महागड्या एस-क्लासमध्ये आणली. सर्वसामान्यांच्या गाडीत ती यायला एक फजिती कारणीभूत ठरली. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवी, छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक मूस आला तर गाडी एका बाजूला काढून पुन्हा आपल्या लेनमध्ये आणायची, अशी ती चाचणी. मूस म्हणजे सांबरापेक्षा कितीतरी थोराड प्राणी, स्वीडनच्या रस्त्यांवर नेहमी आडवा येणारा. ए-क्लास उलटली. कंपनीने गाड्या देणं थांबवलं, विकलेल्या परत बोलावल्या आणि स्थिरता यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली.

चाचणी बाहेरच्या लोकांनी केली, सगळ्यांसमोर केली, म्हणून हे घडलं. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण तीन चाकांच्या बाबतीत नेमका हाच भाग गाळला गेला आहे.

एप्रिल 2007 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नियम जाहीर केला. 10,000 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. 2012 च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या गाड्यांत ती आली. दुसरं वाहन न धडकता होणारे मोटारींचे अपघात 34 टक्क्यांनी आणि एसयूव्हींचे 59 टक्क्यांनी घटतील, वर्षाला 5,300 ते 9,600 जीव वाचतील, असा सरकारचा अंदाज होता. ही यंत्रणा खरोखर जीव वाचवते. म्हणूनच तिच्याबद्दल इतकं तपशिलात बोलायचं.

पण त्याच कायद्यात मोटरसायकलची व्याख्या अशी आहे: बसायला सीट किंवा खोगीर, आणि जमिनीला टेकणारी चाकं तीनपेक्षा जास्त नकोत. म्हणजे तीनचाकी ही मोटरसायकल. मोटरसायकलला हा नियम लागू नाही. नियम जाहीर झाला त्याच वर्षी स्पायडर आली आणि नियमाच्या बाहेर राहिली. कंपनीने यंत्रणा आपणहून बसवली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. मात्र ती किती चांगली असावी, हे तपासणारी सक्तीची कसोटी नाही.

आणि असलेली कसोटी जशीच्या तशी लावताही येणार नाही. मोटारींच्या चाचणीत ताशी 80 किलोमीटर वेगाने, सुक्या रस्त्यावर, एक यंत्र स्टिअरिंग एका बाजूला आणि मग झटक्यात दुसऱ्या बाजूला फिरवतं, अर्धा सेकंद धरून ठेवतं आणि सोडतं. स्टिअरिंग सोडल्यावर एका सेकंदात गाडीचं गरगरणं त्याच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या 35 टक्क्यांवर यायला हवं, पावणेदोन सेकंदांत 20 टक्क्यांवर. स्टिअरिंग टप्प्याटप्प्याने किमान 270 अंशांपर्यंत फिरवतात. हँडल 270 अंश फिरवून बघा.

[दृश्य: वर्कशॉप, लिफ्टवर चढवलेली गाडी, मागचं एकटं चाक जवळून]

चला वर्कशॉपमध्ये. गाडी वर उचलली आहे. हबजवळ ही दातेरी चकती, आणि तिच्या समोर अंगठ्याएवढा काळा सेन्सर. एकेक दात समोरून गेला की त्याची नोंद संगणकाकडे जाते. प्रत्येक चाकाचा वेग असा मोजला जातो.

मोटार वळणावर सरळच घसरायला लागली, तर यंत्रणा मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लावते. त्या बाजूला ओढ बसते आणि गाडीचं तोंड आत वळतं. आता या गाडीचं मागचं चाक बघा. एकच आहे, आणि मधल्या रेषेवर आहे. त्याला ब्रेक लावला तर गाडी हळू होईल, तोंड वळवणारी ओढ बसणार नाही. मोटारीत चार ब्रेक चार कोपऱ्यांत असतात, म्हणून जमतं. इथे कामाचे कोपरे दोनच. त्यात आतलं पुढचं चाक उचललं गेलं तर तो कोपराही गेला, हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून रस्त्याशी काही होत नाही. म्हणून यंत्रणेला चाक उचलायच्या आधी हात घालावा लागतो. फार लवकर घातला तर साध्या वळणावर गाडी अडखळते आणि मालक वैतागतो. उशीर झाला तर तुम्ही सुरुवातीला पाहिलेली दोन बोटांची फट मोठी होते.

[दृश्य: हँडलवरचे हात, जवळून, मागे पार्किंग फिरताना]

आता हातांकडे बघा. आयुष्यभर दुचाकी चालवलेला माणूस वेगात डावीकडे वळताना हँडलचं डावं टोक पुढे ढकलतो. दुचाकी डावीकडे झुकते आणि वळते. हे अंगवळणी पडलेलं असतं, ठरवून कोणी करत नाही. तीनचाकी झुकत नाही. तिच्यावर डावं टोक पुढे ढकललं की ती थेट उजवीकडे जाते. हँडलचा कोन वाचणारा सेन्सर त्यातून एकच अर्थ काढतो: मालकाला उजवीकडे जायचं आहे. तोल सांभाळणारी यंत्रणा मग त्या चुकीच्या दिशेने नेण्याच्या कामाला लागते.

या शॉटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. उजव्या वळणावर चालकाचं धड डावीकडे फेकलं गेलं. सावरण्यासाठी त्याने उजवं टोक आवळून स्वतःकडे ओढलं. त्यामुळे हँडल आणखी उजवीकडे फिरलं, वळण आणखी आवळलं. मोटारीत पाठीला सीट असतं, पट्टा असतो. स्टिअरिंगला कोणी लोंबकळत नाही. इथे तेच हँडल दिशा देतं आणि माणसालाही धरून ठेवतं.

[दृश्य: महामार्ग, मागे दोन चाकांची ट्राइक]

ही दुसरी जात. पुढे एक, मागे दोन. हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राइक अशा, आणि आपली रिक्षाही अशीच. इथे त्रिकोण उलटा. वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे, निमुळत्या टोकाकडे धावतं. पुण्या-मुंबईत रिक्षात बसलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. म्हणजे ज्या ब्रेकने तोल सावरायचा, तोच ब्रेक इथे तोल घालवायला हातभार लावतो, म्हणून या गाड्यांत यंत्रणेने किती जोर लावायचा हे ठरवणं अधिक नाजूक काम आहे. ब्रेक मागच्या एकाच चाकाला आपोआप लागून गाडी बाजूला ओढली जाऊ शकते, या कारणाने हार्लेने आपल्या काही ट्राइक परत बोलावल्या.

[दृश्य: टायरच्या कडेवरची अक्षरं, बोट फिरताना]

225/50 आर 15. स्पायडरच्या मागच्या टायरचं हे माप. ते झिजल्यावर अनेक मालक जास्त टिकतो म्हणून मोटारीचा टायर घालतात, कधी थोड्या वेगळ्या उंचीचा. टायर बुटका असेल तर तेवढंच अंतर जायला चाक जास्त फिरतं. संगणकाला वाटतं, मागचं चाक जागच्या जागी गरगरतंय. तो इंजिन आवळतो, रस्ता कोरडा असला तरी. हँडलच्या सेन्सरचा शून्य, म्हणजे हँडल सरळ असतानाची खूण, सरकलेला असेल तर गाडी सरळ जात असताना संगणकाला ती वळते आहे असं दिसतं. म्हणून टायर बदलताना माप बघा, हँडलचं किंवा पुढच्या चाकांचं काम झालं की शून्य पुन्हा बसवून घ्या, आणि यंत्रणेचा पिवळा दिवा लागलेला असताना मागे कोणाला बसवू नका.

[दृश्य: पुन्हा पार्किंग, शंकू नव्याने मांडताना]

तीन चाकांची स्वतःची चाचणी लिहिणं अवघड नाही. हँडलच्या मर्यादेत बसणारी वळणं घ्यायची. एकदा चालक एकटा, एकदा मागे माणूस आणि पेटीत सामान. एकदा कोरडा रस्ता, एकदा ओला. आतलं चाक किती उचललं आणि किती वेळ हवेत राहिलं, ते मोजायचं. आणि वळणाच्या मध्यावर एका सेन्सरची जोडणी तोडायची: यंत्रणा गप्प बसते, की भलत्याच चाकाला ब्रेक लावते? निकाल मॉडेलच्या नावासह छापायचे, मोटारींचे छापतात तसे.

हे काम महाराष्ट्रापासून दूरचं नाही. वाळूजहून बजाजच्या आणि बारामतीहून पियाजिओच्या तीनचाकी देश-परदेशात जातात, आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाचा मोटारींसाठीचा 140 क्रमांकाचा नियमही तीनचाकींना लागू होत नाही. पहिली कसोटी कुठूनही येऊ शकते.

तोवर, अमेरिकेत जुनी तीनचाकी घेत असाल तर चासीवरचा 17 अक्षर-अंकांचा क्रमांक सरकारी रिकॉलच्या पानावर टाकून बघा. परत बोलावलेली गाडी कंपनीला सहसा फुकट दुरुस्त करून द्यावी लागते.