न बसणारे केस

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलांच्या केसांच्या 'अनकोम्बेबल हेअर सिंड्रोम', म्हणजे न विंचरता येणारे केस, या एका दुर्मीळ विकाराविषयी आज मी बोलणार आहे. या मुलांचे केस कोरडे, चकाकणारे, बहुधा रुपेरी किंवा वाळल्या गवताच्या रंगाचे असतात आणि कितीही विंचरले तरी डोक्यावर न बसता चहूबाजूंना उभे राहतात. सन १९७३ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेचे वर्णन केले.

दोष असतो तो केसाच्या घडणीत. एरवी केसाचा आडवा छेद गोल किंवा लंबगोल असतो. इथे तो त्रिकोणी किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचा होतो आणि केसाच्या लांबीभर एक खाच पडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसते.

हा आकार ठरतो त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी. तिथे ट्रायकोहायलिन नावाचे प्रथिन असते. एक एन्झाइम त्याच्यात रासायनिक बदल घडवते, तर दुसरे त्याचे रेणू परस्परांशी आणि केस ज्याचे बनतात त्या केराटिन या प्रथिनाच्या तंतूंशी पक्के जोडते. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की या तिघांपैकी एखाद्याच्या जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती सदोष असल्या तर हा विकार उद्भवू शकतो. त्यामुळे आईवडिलांचे केस अगदी सर्वसाधारण असूनही मूल असे जन्माला येऊ शकते. 'तुम्ही नीट निगा राखत नाही' हे नातेवाइकांचे बोलणे अशा वेळी निव्वळ अज्ञानाचे असते.

उपचारांबाबत माझे मत सरळ आहे: जितके कमी, तितके बरे. बायोटिन या 'ब' गटातील जीवनसत्त्वाने फरक पडल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, पण खात्रीचा उपाय नाही. उष्णता, रसायने आणि जोराने विंचरणे यांनी नुकसानच होते. वयात येईपर्यंत बहुतेकांचे केस आपोआप सुधारतात.

मात्र प्रत्येक विचित्र केस निरुपद्रवी मानू नये. तान्ह्या बाळाचे केस आखूड, पिळदार आणि ठिसूळ असतील, शिवाय अंग लुळे पडत असेल, झटके येत असतील किंवा वाढ खुंटली असेल, तर तो मेंकेस रोग असू शकतो. त्यात शरीराला तांबे नीट वापरता येत नाही, आणि तांब्याची इंजेक्शने जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तरच त्यांचा खरा उपयोग होण्याची शक्यता असते. अशा बाळाला विलंब न लावता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.