जिना तुम्ही कधी सोडलात?

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक विचारतो, खरं सांगा हं, हा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टनं कितीजण आलात? बापरे, निम्म्याहून जास्त. आता गुडघे दुखणाऱ्यांनी हात खाली घ्या. अजून पाच-सहा हात वर आहेत, आजचं बोलणं खरं तर तुमच्याशीच आहे, बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

कसंय ना, फुफ्फुस दुखत नाही. दात दुखतो, पोट दुखतं, पण फुफ्फुसाच्या आतल्या भागाला तशा दुखण्याच्या नसाच नाहीत, त्या असतात छातीच्या आतल्या अस्तराला, म्हणून न्यूमोनियात मोठा श्वास घेतला की सुई टोचल्यासारखं होतं. आत काही बिघडलं तर सगळं चिडीचूप. त्यात देवानं माल इतका जास्तीचा भरून ठेवलाय की एक अख्खं फुफ्फुस काढलेली माणसंही नीट हिंडतात-फिरतात, मग थोडंसं कमी झालेलं कळणार कसं? माणूस काय करतो, ज्या कामानं दम लागतो ते काम गुपचूप सोडून देतो, आणि वर डॉक्टरला सांगतो की मला काही दम-बिम लागत नाही!

सासवडकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, म्हणजे आल्या होत्या नातवाला घेऊन. मध्येच खोकल्या. मी विचारलं कधीपासून, तर म्हणे हा माझा नेहमीचाच. दम? छे. विडी-सिगारेट? अहो डॉक्टर काय बोलताय. मग आजोबा हळूच म्हणाले, दोन-तीन वर्षं झाली, सोमवतीला आम्ही जेजुरीला जातो तेव्हा ही गडावर येत नाही, खाली चपला सांभाळत बसते. आजींचं त्यावर उत्तर, कुणीतरी सांभाळायला नको का! चाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली, काटक्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडं. टेस्ट केली तर सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळलेल्या. हा फक्त सिगारेटवाल्यांचा आजार आहे असं जे आपण धरून चाललोय ते डोक्यातून काढा.

दम मोजायची एक सोपी पट्टी आहे, फ्लेचर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५० च्या दशकात बनवलेली, वेल्समधल्या खाणकामगारांना तपासता तपासता. शून्य म्हणजे फक्त जोरदार व्यायामाला दम. एक म्हणजे घाईत चालताना किंवा थोड्या चढाला. दोन म्हणजे सपाट रस्त्यावरसुद्धा बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणं. तीन म्हणजे शंभर मीटरवर थांबावं लागणं, आणि चार म्हणजे कपडे बदलतानाही धाप. आपल्याकडे पेशंट येतो कधी, तीनवर. अरे बाबा, पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढायचास आणि आता दोनदा देखावा बघायला थांबतोस, तेव्हाच यायचं होतं की!

आता खोकला. दोन आठवड्यांच्या वर राहिला तर थुंकी तपासायची, टीबीसाठी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, हे बरोबर असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. बेडक्यात रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, हिरड्यातून आलं असेल वगैरे स्वतःच ठरवायचं नाही. पहाटे तीन-चारला खोकल्यानं जाग येते, छातीत शिट्टी वाजते, तर दम्याचा विचार. आणि एक गंमत, बीपीची रामिप्रिल, एनालाप्रिल अशी गोळी चालू असेल तर नुसत्या त्या गोळीनंही कोरडा खोकला येतो, लोक सहा-सहा महिने कफ सिरप पितात आणि गोळीकडे कुणी बघतच नाही. पण म्हणून गोळी घरच्या घरी बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

कबुतरांवर बोललो तर अर्धा हॉल भांडेल माझ्याशी, २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा काय रामायण झालं ते पाहिलंत ना. तरी बोलतो. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ काही लोकांच्या फुफ्फुसाला सोसत नाही, सगळ्यांना नाही, काहींना. आधी कोरडा खोकला, कधी बारीक ताप, आणि वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुसाला कायमचे व्रण पडतात, ते परत मऊ होत नाहीत. सुरुवातीची खूण अशी की मुलीकडे महिनाभर राहायला गेलं की बरं वाटतं आणि घरी आलं की चार दिवसांत परत सुरू. हे डॉक्टरला आपणहून सांगा, कारण डॉक्टर दर वेळी बाल्कनीबद्दल विचारेलच असं नाही.

नखांची एक युक्ती बघा. दोन्ही हातांची तीच ती बोटं नखाला नख लावून धरा, मध्ये शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसली पाहिजे. साउथ आफ्रिकेतले डॉक्टर शॅमरॉथ, त्यांना ही फट स्वतःच्याच बोटांवर आजारपणात नाहीशी झालेली दिसली, १९७६ मध्ये त्यांनी ते लिहिलं. फट नसेल, म्हणजे नखं फुगलेली असतील, तर लगेच घाबरू नका, पण दाखवा. नुसत्या सीओपीडीनं सहसा नखं अशी फुगत नाहीत, म्हणून सीओपीडीच्या पेशंटची नखं बदलली की आम्ही कॅन्सर शोधायला लागतो.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये असेलच. बसून ९७ आला म्हणून खूश होऊ नका, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि मग लावा, तीन-चारनं खाली आला तर काहीतरी आहे. नेलपॉलिश आणि गार बोटं चुकीचा आकडा देतात. आणि एक्सरे क्लिअर आला म्हणजे सुटलो असंही नाही, सुरुवातीच्या सीओपीडीत एक्सरे अगदी नॉर्मल दिसू शकतो. त्यासाठी फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या किती टक्के बाहेर पडली ते बघायचं. नळ्या मोकळ्या करायचं औषध देऊनही ७० च्या खाली राहिली तर नळ्या आवळल्यात. काही निघालं तर श्वासातून औषध ओढायचा पंप देतील आणि त्याची सवय लागेल म्हणून लोक टेस्टच टाळतात, यावर मी आता चिडत नाही, चष्म्याची सवय लागली म्हणून कुणी चष्मा काढून स्कूटर चालवतं का?

मागून एक काका विचारतायत की मग मला स्वतःला कळणार कसं. काका, तुम्हाला नाही कळणार, शेजारी काकू बसल्यायत त्यांना विचारा, चालताना तुम्ही मागे कधीपासून पडायला लागलात. काय म्हणाल्या? मुलीच्या लग्नापासून? आणि लग्नाला किती वर्षं झाली? पाच. काका, सोमवारी फुंकायला या.