निवड यादीत नसलेला वेस वेल्कर

मित्रहो, अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो. संघ आळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आदल्या हंगामातल्या दुबळ्या संघांना आधी संधी. याला ड्राफ्ट म्हणतात. २००४ साली सात फेऱ्यांत अडीचशेहून अधिक नावं पुकारली गेली. टेक्सास टेक विद्यापीठाच्या वेस वेल्करचं नाव आलंच नाही.

उंची पाच फूट नऊ इंच, सरळ धाव बेताची. वेल्कर वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने (संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूने) फेकलेला चेंडू झेलून पळणारा. असा खेळाडू उंचापुरा आणि सुसाट हवा, हा तेव्हाचा आग्रह. सॅन डिएगो चार्जर्सनी वेल्करला घेतलं आणि एका सामन्यानंतर नारळ दिला. मग मायामी डॉल्फिन्सनी उचललं, तेही मुख्यतः प्रतिस्पर्ध्यांच्या किक परतवायला, म्हणजे त्यांनी लाथाडलेला चेंडू झेलून उलट पळायला.

त्याच ऑक्टोबरात न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध मायामीचा किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू, जायबंदी होता. वेल्करने २९ यार्डांवरून फील्ड गोल मारला (लाथेने चेंडू गोलखांबांमधून धाडला), टचडाउननंतरचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्यानंतरचा, जादा गुण मिळवला, खेळ सुरू करणारी किकऑफही मारली. शिवाय प्रतिस्पर्ध्यांची किकऑफ आणि पंट (चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक) परतवणं होतंच. एकाच सामन्यात ही पाचही कामं त्याआधी एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, कुणी केली नव्हती. मायामी हरली, ते सोडा. ड्राफ्टबाहेरून आलेल्याला ‘हे माझं काम नव्हे’ म्हणायची सोय नसते.

हे सारं समोरून पाहत होते पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक. २००७ मध्ये त्यांनी दुसऱ्या आणि सातव्या फेरीतले निवडीचे हक्क देऊन त्याला आपल्याकडे आणलं. सहा हंगामांत ६७२ झेल! एकट्या २००९ मध्ये १२३.

हे जमलं कसं? स्लॉटमुळे. कडेचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यामधली ही जागा. पाच-सात यार्ड जायचं, बचावपटूचा तोल कुठल्या पायावर आहे ते हेरून उलट वळायचं, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू सुटायच्या आत मोकळं व्हायचं आणि झेलताक्षणी लाइनबॅकर या धिप्पाड बचावपटूची धडक सोसायची. ड्राफ्टआधीच्या चाचणीतल्या चाळीस यार्डांच्या सरळ शर्यतीत यातलं काय दिसणार? निवडकर्त्यांना मी आंधळे म्हणणार नाही. ते दुसऱ्याच कामासाठी माणूस शोधत होते.

धडकांचा हिशेब मात्र चुकला नाही. डेन्व्हरच्या संघात गेल्यावर २०१३ आणि २०१४ मिळून दहा महिन्यांच्या आत तीनदा मेंदूला हादरा बसला. तरीही लोक आठवण काढतात ती फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलची, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याची. चार मिनिटं उरलेली, पेट्रियट्स १७-१५ ने पुढे, आणि ब्रेडीचा काहीसा मागे पडलेला पास वेल्करच्या हातांना लागून निसटला. प्रतिस्पर्धी न्यू यॉर्क जायंट्स २१-१७ ने जिंकले. त्यांचा पहिला टचडाउन करणारा व्हिक्टर क्रूझसुद्धा ड्राफ्ट न झालेलाच, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

कारकीर्द संपली तेव्हा नावावर ९०३ झेल होते, सुपर बोल तीन आणि तिन्ही हरलेले. पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या रिसीव्हरांचा प्रशिक्षक म्हणून तो २०२० साली चौथ्यांदा सुपर बोलला पोचला. तोही सामना हरला.